शून्याचं बटण दाबू नये

यंत्र चालू करताना ते तोंड फिरवायचे. बटण दाबलं की लगेच मान वर, नजर पंख्याकडे, आणि आतून 'टिंग' वाजेपर्यंत खाली बघायचं नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, मानेत लचक भरली असेल. विचारलं, तर म्हणाले, "चालू होताना असा टक लावून बघू नये गो. लाजतत ती."

मी हसले. ते हसले नाहीत. ते अगदी मनापासून बोलत होते, हे कळायला मला सहा महिने लागले.

घाटकोपरला एका औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा आहे. आम्ही धर्मकाट्यांचे कॉम्प्युटर बनवतो. धर्मकाटा तुम्ही पाहिला असेलच. हायवेच्या कडेला जमिनीलगत लोखंडी फलाट, त्यावर भरलेला ट्रक चढतो, शेजारच्या केबिनमध्ये ऑपरेटर बसलेला, त्याच्यापुढे लाल आकडे, आणि मग वजनाची चिठ्ठी. त्या लाल आकड्यांमागचा डबा आमचा. त्या डब्यातली छोटीशी ऑपरेटिंग सिस्टिम या गृहस्थांनी एकट्याने लिहिली होती, मी शाळेत जात होते त्या काळात. त्यातही त्यांचा खरा जीव बूट कोडमध्ये. म्हणजे वीज आल्यावर डबा डोळे उघडतो आणि सगळ्यात आधी जे वाचतो, ती पानं. म्हणून आम्ही सगळे त्यांना बूटकाका म्हणायचो.

या नावापायी एकदा गंमत झाली. वसाहतीच्या नव्या वॉचमनने त्यांना जिन्यात गाठून आठ नंबरच्या स्पोर्ट शूजचा होलसेल भाव विचारला. काकांनी त्याला तिथेच उभं करून बूट कोड म्हणजे काय ते समजावलं. वॉचमनने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं, चप्पल तरी?" काकांच्या स्वतःच्या पायात बारा महिने तेरा काळ चपलाच असायच्या. गाळ्याच्या दाराबाहेर काढून ठेवायचे आणि आत अनवाणी फिरायचे.

त्यांच्याकडे ग्राहकाचा फोन आला की ऐकायला मजा यायची. समोरचा ऑपरेटर तक्रार सांगायला लागायच्या आत यांचा प्रश्न, "तू काय केलंस?" डबा पावसात भिजला, उंदराने वायर खाल्ली, कोणी चहा सांडला, काहीही असो, चूक माणसाचीच. "मशीन खोटं बोलत नाही रे. तेवढी अक्कल नाही त्याला." शेठ आतल्या केबिनमधून ओरडायचे, "काका, गिऱ्हाईक आहे ते, आरोपी नाही!" काका फोनवर हात ठेवून म्हणायचे, "दोन्ही असू शकतो."

डब्याबरोबर जायचं माहितीपुस्तकही त्यांनीच लिहिलेलं होतं, मराठीत. त्याचा त्यांना कोडपेक्षाही जास्त अभिमान होता. त्यात एक वाक्य जाड अक्षरांत, चौकटीत: 'वीज आल्यावर शून्याचं बटण दाबू नये. यंत्र स्वतः शून्य घेते.' ते बटण म्हणजे काट्याला सांगणं की आत्ता तुझ्यावर जे काही आहे ते शून्य धर. काटा रिकामा असेल तर ठीक. पण थोडा माल वर ठेवून कोणी ते दाबलं, तर तेवढा माल हिशेबातून गायब. काकांचा त्या बटणावर रागच होता. "शून्याक माणसाचो हात लागलो की लबाडी सुरू," असं ते म्हणायचे. कुडाळकडचे होते ते. भावनेच्या भरात असले की गावची बोली यायची, एरवी बोरिवलीची.

मला ते फार आवडायचे. माझ्याच टेबलावर जेवणाचा डबा उघडून सुक्या जवळ्याची चटणी माझ्या पोळीवर वाढायचे आणि मी खाईपर्यंत बघत बसायचे. बाकीच्यांनी खिडक्या उघडल्या तरी त्यांना फरक पडायचा नाही.

मग आमचा जुना कॉम्प्युटर मेला. बूट कोड ज्या असेंब्लरवर तयार व्हायचा तो फक्त त्याच कॉम्प्युटरवर चालायचा. असेंब्लर म्हणजे आम्ही लिहिलेल्या ओळी यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम. शेठ म्हणाले, "आता नव्या टूल्सवर आणा सगळं. उद्या हे बंद, परवा ते बंद, असं नाय चालणार." काम माझ्याकडे आलं आणि काका स्टूल घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले.

नव्या असेंब्लरने पहिल्याच दिवशी स्क्रीनभर चुका ओकल्या. जुना म्हणजे घरातली मुरलेली बाई. तिला 'मीठ घाल' म्हटलं की ती अंदाजाने घालते. नवा प्रत्येक ठिकाणी विचारणार, किती? चमचा की चिमूट? काका वैतागले. "ह्यो तुझो नवो भाषांतरवालो मोप प्रश्न इचारता गो."

"काका, तुम्ही स्पष्ट लिहिलं नाही, मग तो काय करणार?"

"जुन्याक समजत होतां ना?"

असं रोज चालायचं. एकेक ओळ घ्यायची, काकांनी ती तेव्हा का लिहिली ते सांगायचं, मी ती नव्याला कळेल अशी करायची. कुठे एखादी ओळ लिहिताना त्यांना ताप होता, कुठे एक ओळ त्यांनी बायकोच्या बाळंतपणात दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिली होती. मी नोकरीत इतकी खूश कधीच नव्हते, हे आज सांगताना मला बरं वाटत नाही.

कारण त्यातल्याच एका दुपारी मी उडी मारून उभी राहिले आणि ओरडले, "काका! सापडली! तुमची चूक सापडली!"

इतके दिवस नव्याच्या कटकटी होत्या, ही खरी चूक होती. ओळ साधी होती: इथे शून्य ठेव. नवा असेंब्लर अडला, किती जागेत? मेमरीच्या एका घरात की दोन घरांत? जुन्याने हे कधी विचारलंच नव्हतं, गुपचूप एकच घर धरलं होतं. आणि जागा होती दोन घरांची. काट्याचं शून्य जिथे साठवतात तीच. म्हणजे अर्धं शून्य घेतलं जायचं, उरलेल्या अर्ध्यात जो काही कचरा असेल तो तसाच राहायचा. वीज जाऊन बऱ्याच वेळाने आली तर डबा सगळी मेमरी आधी पुसायचा, म्हणून एरवी कळायचं नाही. पण वीज गेली न गेली करून लगेच आली, तर पुसायचं राहून जायचं.

सोल्डरिंगच्या टेबलावरच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी "काका, पार्टी!" म्हणालं. काकाही हसत हसत चष्मा पुसत आले. ती ओळ त्यांनी वाचली. मग कपाटातून जुना डबा काढला, चाचणीच्या छोट्या काट्याला जोडला, वीज बंद केली आणि लगेच चालू केली.

त्या वेळी त्यांनी पंख्याकडे बघितलं नाही.

काट्यावर काहीच नव्हतं. लाल आकडे आले, १२८०. त्यांनी परत केलं. परत १२८०. कचराही नेहमी तोच राहायचा, त्यामुळे आकडाही तोच. मी म्हणाले, "बघा ना काका, एवढ्या वर्षांत कोणाच्या लक्षात नाही आलं! भारी ना?" हे मी म्हणाले. माझ्या कानात ते वाक्य अजून आहे.

काका स्टुलावर बसले. त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाले, "सोनावणे."

सोनावणे हे मानखुर्दच्या एका खाजगी काट्यावरचे ऑपरेटर. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. भंगाराचा एक ट्रक त्यांनी सकाळी तोलला. तोच माल पुढे दुसऱ्या काट्यावर टनाहून जास्त हलका भरला. काट्याच्या मालकाने सरळ निष्कर्ष काढला, ऑपरेटर भंगारवाल्याला सामील आहे. सोनावणे शपथा घेत होते. मालकाने आमच्या कंपनीला फोन केला, कंपनीने काकांना पाठवलं. काकांनी काटा तपासला. तोवर डबा दिवसभर बंद राहून परत चालू झालेला. वजन किलोला किलो बरोबर. सगळ्यांसमोर काका म्हणाले, मशीन खोटं बोलत नाही. त्याच संध्याकाळी सोनावण्यांना काढून टाकलं.

"तो माझ्याकडे बघीत होतो," काका म्हणाले. "काय बोललो नाय. फक्त बघीत होतो."

ते शेठकडे गेले. मीही मागोमाग गेले. सगळ्या काटेवाल्यांना कळवू या, असं काकांचं म्हणणं. शेठ वाईट माणूस नाही, पण धंद्यात मुरलेला. म्हणाले, "काका, नव्या कोडचं कार्ड आपण सगळ्यांच्या डब्यांत फुकट बसवून देतोय ना? मग झालं की. जुनं उकरून कशाला वाट लावायची?" मग माझ्याकडे बघून, "तू सांग ना ह्यांना."

मला शेठचं पटत होतं. चूक सुधारली की संपलं, असंच मला कॉलेजात शिकवलं होतं. मी म्हटलं, "काका, नव्या कार्डात आता हे होणारच नाही." काकांनी मान हलवली. ती होकाराची नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकेका काट्याला फोन लावायला सुरुवात केली. या खेपेला "तू काय केलंस" नाही. चोरून बोलल्यासारखे बोलायचे. "वीज डोळा मारून आली, तर पहिल्या गाडीचं वजन कधी चुकलंय का हो तुमच्याकडे?" उत्तरं ऐकून आधी मला हसू यायचं. सगळे एकच सांगायचे. काका, वीज आली की पहिलं शून्य दाबायचं, उदबत्ती ओवाळायची, मग गाडी घ्यायची. उस्तादाने तसंच शिकवलंय.

"पण पुस्तकात लिहिलंय, दाबू नये म्हणून."

"कुठलं पुस्तक? ते जाडं होय? ते खिडकीच्या फटीत कोंबलंय, पाणी येतं पावसाचं."

असे किती फोन झाले कोण जाणे. शेवटचा ठेवून काका माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा मला बघवेना. म्हणाले, "म्हणजे माझा पुस्तक वाचल्यान फक्त तेणा. सोनावण्यान."

सोनावण्यांचा पत्ता त्यांनी कसा मिळवला ते मला माहीत नाही. मला म्हणाले, "तू येशील काय? माका एकट्याक धीर नाय होणा." शनिवारी आम्ही गोवंडीला गेलो. बिल्डिंगखाली एक सडपातळ माणूस उभा होता, केस पांढरे, हातात दुधाची पिशवी. लिफ्ट रिकामी होती, तरी तो आम्हाला जिन्याने घेऊन गेला. वर त्यांच्या बायकोने दार उघडलं, काकांना धाप लागलेली पाहिली आणि नवऱ्यावर चिडली. "पाहुण्यांना तरी लिफ्टने आणायचं ना!" मग आम्हाला म्हणाली, "ते बटण नाही दाबत कुठलंच. लिफ्टचं नाही, एटीएमचं नाही. मिक्सरसुद्धा मीच लावते." काट्यावरून काढल्यापासून सोनावणे एका गोदामात गोणी उचलायचं काम करत होते.

काकांना त्यांनी ओळखलं होतं. पाणी दिलं, खुर्ची दिली.

"त्या दिवशी सकाळी वीज गेली होती का?" काकांनी विचारलं.

"गेली अशी नाही. गेली आणि लगेच आली. मी आकडे बघेपर्यंत गाडी काट्यावर चढली होती."

"आकडा किती जास्त आला होता?"

"बाराशे ऐंशी," सोनावणे म्हणाले. आठवायला क्षणभरही लागला नाही.

काका खुर्चीत पुढे सरकले. "तुम्ही काही चुकीचं केलं नव्हतं."

"मला वाटायचं, हात लागला असेल कुठेतरी. इतका विचार केला, इतका विचार केला. शेवटी मी मान्यच केलं, की बाबा, आपलाच हात लागला असणार काहीतरी."

"नाही. तुम्ही काही दाबलं नव्हतं. दाबायला हवं होतं. वीज आल्या आल्या शून्य दाबलं असतं, तर काही झालं नसतं."

"पुस्तकात लिहिलं होतं, दाबू नये."

"ते मीच लिहिलंय."

सोनावणे उठले. मग आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "अगं ए, जरा ये. हे काय सांगतायत ऐक." आणि काकांना म्हणाले, "परत सांगा. पहिल्यापासून सांगा."

काकांनी परत सांगितलं. मग शेजारच्या खोलीतले सोनावण्यांचे भाऊ आले, त्यांच्यासाठी परत. मग साताऱ्याच्या चुलत्यांना फोन लावला, स्पीकरवर टाकला, त्यांच्यासाठी परत. दर वेळी सोनावणे मध्येच थांबवायचे, "ते पुस्तकाचं राहिलं. ते सांगा." काका ते सांगायचे. मी मान खाली घालून बसले होते. एका माणसाने तीच गोष्ट अशी पुन्हा पुन्हा कबूल करावी आणि आपण शेजारी बसून चहा प्यावा, हे मला जड जात होतं.

निघताना त्यांची बायको जिन्यापर्यंत आली. "काका, एक मागू? माझ्या भावाला सांगाल?" तो भाऊही काट्यावरचा ऑपरेटर, मुलुंडला. त्यानेच शब्द टाकून मेव्हण्याला मानखुर्दची नोकरी लावून दिली होती. चोरीचं बालंट आलं आणि त्याची लाईनीत नाचक्की झाली. त्या दिवसापासून तो बहिणीच्या दारात आला नव्हता. भाऊबीजेला ती पाट मांडायची आणि उचलून ठेवायची.

"सांगतो ना," काका म्हणाले. "नुसता सांगत नाही. दाखवतोच."

कल्पना झकास होती. भावाच्या काट्यावर आमचाच डबा. त्याच्या डोळ्यांसमोर वीज बंद-चालू करायची, शून्य दाबायचं नाही, आणि रिकाम्या काट्यावर बाराशे ऐंशी दाखवायचं. पुढच्याच रविवारी दुपारी काट्याला सुट्टी असताना जायचं ठरलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. सोनावणेही आले, पण ते फाटकाबाहेर थांबले.

ते फाटक मी ओळखलं. मी मुलुंडला राहते म्हणून शेठने नवी कार्डं बसवायला मुलुंडचे काटे मला वाटून दिले होते. गुरुवारी मी इथेच येऊन गेले होते. तेव्हा ड्युटीवर दुसराच कोणी होता. हाच तो काटा, हे मला कुठे माहीत होतं? मी म्हटलं, "काका, थांबा, इथे मी..." तोवर भाऊ बाहेर आला होता आणि काका त्याला नमस्कार करत होते.

काकांनी वीज बंद केली, लगेच चालू केली. भाऊ हात बांधून उभा. लाल आकडे आले. शून्य. परत केलं. शून्य. काका घामाघूम झाले. तिसऱ्यांदा करायला गेले तेव्हा मी त्यांचा हात धरला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की गुरुवारी मीच इथे नवं कार्ड बसवलंय, आता हे चुकणार नाही.

"मग जुनं कार्ड दाखवा," भाऊ म्हणाला.

"ते पुसून टाकलं. शेठनी सगळी जुनी कार्डं पुसायला सांगितली होती, गाळ्यातल्या कपाटातलंसुद्धा."

"म्हणजे चुकीचं होतं ते पुसलं, आणि बरोबर आहे ते मला दाखवायला आलात?" तो काकांवर ओरडला. "म्हातारे आहात म्हणून सोडतो. त्याने किती पैसे दिले तुम्हाला? मी त्याला हात धरून शिकवलं होतं, शून्य दाब. ऐकलं नाही. शहाणा झाला. निघा!"

मी काहीतरी बोलत होते, मेमरी, अर्धं शून्य, जुना असेंब्लर. जितकं बोलत होते तितकं ते रचलेलं वाटत होतं. आम्ही बाहेर आलो तेव्हा सोनावणे फाटकापाशी नव्हते.

बसस्टॉपवर मी रडायच्या बेतात होते. काका म्हणाले, "तू तुझा काम चांगला केलंस गो. शून्य एकदम साफ इला." त्यांना ते खरंच वाटत होतं. त्यांनी टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हटलं, "काका, जुन्यासारखं एक कार्ड मी परत बनवते. आपण पुन्हा जाऊ." त्यांचा चेहरा उजळला. काम एका शब्दाचं होतं. नव्या असेंब्लरला त्या ओळीत 'दोन घरं' सांगितलं होतं, तिथे 'एक' सांगायचं, बस. पण त्या आठवड्यात वसईचे काटे होते, मग भिवंडीचे, मग तुर्भ्याचे. काका माझ्या टेबलापाशी यायचे, उगाच वायरी सरळ करायचे, जायचे. एकदाच विचारलं, "झाला काय गो?" मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात नक्की." खरं सांगू? मला त्या माणसासमोर परत उभं राहायचं नव्हतं. हे काकांना कळलं असणार. त्यांनी परत विचारलं नाही.

मग ते घराची कौलं बदलून घ्यायला गावी गेले. आठवड्याने शेठ केबिनमधून बाहेर आले आणि टेबलाला धरून उभे राहिले. काका झोपेतच गेले, म्हणाले. सोल्डरिंगच्या पोरी रडल्या, शेठ रडले. मला रडू येईना. मी कॉम्प्युटर चालू केला, ती ओळ काढली आणि 'दोन'च्या जागी 'एक' लिहिलं. नव्या असेंब्लरने या वेळी काही विचारलं नाही. चूक स्पष्ट लिहिली की त्याची तक्रार नसते.

रविवारी मी एकटी मुलुंडच्या काट्यावर गेले. भाऊ मला बघून दार लावायला निघाला. मी म्हटलं, "दादा, हे कार्ड मी मुद्दाम चुकीचं बनवून आणलंय. जुन्या कार्डात असंच होतं. दहा मिनिटं द्या, मग बरोबरचं परत घालून जाते."

"तुम्ही काय, पाहिजे तो आकडा लिहून आणाल."

"आकडा मी लिहिलेला नाही. फक्त जागा अर्धी लिहिली आहे. वीज तुम्हीच बंद-चालू करा. मी हात नाही लावत."

त्याने कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग फाटकाची साखळी लावून आला, मला डब्यात कार्ड बसवू दिलं आणि खुर्चीत बसला. वीज बंद केली, लगेच चालू केली. सवयीने त्याचं बोट शून्याच्या बटणाकडे गेलं आणि वरच थांबलं.

१२८०.

तो उठला. बाहेर जाऊन काट्याभोवती एक फेरी मारली. वाकून खाली पाहिलं. फलाटावर ऊन सोडून काही नव्हतं. आत येऊन त्याने परत वीज बंद-चालू केली आणि परत तेवढंच आलं. मग तो हळूच म्हणाला, "बाराशे ऐंशी. ह्याच आकड्यावरून मी त्याची कॉलर धरली होती."

त्याने मोबाईल काढला. नंबर शोधायला त्याला वेळ लागला. "ताई," तो म्हणाला, "मी बोलतोय." त्याने फोन माझ्या हातात दिला आणि तोंड फिरवून खिडकीशी उभा राहिला.

मी तिला सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं, पुस्तकाचंही सांगितलं. पलीकडे ती नवऱ्याला हाका मारत होती, हसत होती, नाक ओढत होती. मग फोन जवळ घेऊन म्हणाली, "ताई, पहिलं काकांना कळवा हां. सगळ्यांच्या आधी. दर रविवारी फोन करून विचारायचे मला, भावाचा फोन आला का, म्हणून. आता बरेच दिवस झाले, त्यांचाच फोन नाही. रागावले की काय आमच्यावर?"

"नाही हो," मी म्हटलं. "रागावले नाहीत."

"मग कळवा हां."

"कळवते," मी म्हटलं, आणि फोन तिच्या भावाला दिला.